उणे वीसची तयारी, लालबागच्या ओट्यावर

३ जानेवारी

काम नक्की झालं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून दहा दिवस, हिमाचलमधल्या स्पितीतलं किब्बर. माहितीपट गावाच्या हिवाळ्यावर आहे: गोठलेले नळ, गच्चीवर रचलेला चारा, बर्फातून पाणी वाहणाऱ्या बायका. वरून घ्यायचे शॉट आमचा पायलट ड्रोनने घेणार. मी जाणार नाही. माझं काम इथेच, मुंबईत: यंत्र तयार करून द्यायचं आणि ते लोक तिकडे असताना फोनजवळ बसायचं.

गावाला लागून अभयारण्य आहे. त्याच्यावर ड्रोन न्यायचा नाही, हे दिग्दर्शक बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. बरं झालं, नाहीतर पायलटला हिमबिबट्याची स्वप्नं पडायला लागली होती. परवानग्या, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा, पायलटचं प्रमाणपत्र हे सगळं निर्मितीवाले बघतायत.

यंत्राचं पुस्तक काढून वाचलं. वजन ९०० ग्रॅमच्या आत, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ‘मायक्रो’. बॅटरी चार सेलची, ५००० एमएएच, ७७ वॅट-अवर. चालवण्याचं तापमान उणे १० ते ४०. किब्बरला फेब्रुवारीतली सकाळ त्याच्याही खाली जाते. म्हणजे पुस्तक जिथे हात वर करतं, तिथून आमचं काम सुरू.

५ जानेवारी

मुंबईत थंडी आणायची कुठून? या शहराचा विक्रम ७.४ अंशांचा, तोही जानेवारी १९६२ मधला. आज सकाळी १८ होतं आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा कानटोपी घालून दूध आणायला गेले.

घरातला फ्रीझर उणे १७-१८ पर्यंत जातो. तिथून सुरुवात.

ड्रोनची मूळ बॅटरी फ्रीझरमध्ये घालणार नाही. तिला स्वतःची अक्कल असते, मनाला आलं की बंद पडते. आणि महाग आहे. माझ्या जुन्या हातबनावटीच्या ड्रोनची साधी लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, पडून होती: तेवढीच, चार सेलची, ५००० एमएएच. प्रयोगाचा उंदीर ती.

७ जानेवारी

सामान आणलं. लॅमिंग्टन रोडवरून एक्सटी-६० कनेक्टर, जाड सिलिकॉन वायर, थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावायचा मीटर. कुर्ल्याला सीएसटी रोडवरून ट्रकच्या हेडलाइटचे २४ व्होल्टचे तीन बल्ब. दुकानदाराने गाडी कुठली विचारली. ड्रोन म्हटल्यावर त्याने बल्ब परत हातात घेऊन नीट बघितले.

बल्ब कशाला, तर भार म्हणून. आपला ड्रोन हवेत नुसता तरंगत असताना साधारण शंभर वॅट खातो. २४ व्होल्टचे तीन बल्ब १५ व्होल्टवर लावले की तेही जवळपास तेवढंच खातात. मोटर नको, पाती नकोत, छताला काही आपटायची भीती नको. शिवाय बॅटरीचं काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

८ जानेवारी

आधी गरम अवस्थेतला प्रयोग. ओट्यावर, २७ अंश. पूर्ण भरलेली बॅटरी १६.८ व्होल्ट. बल्ब लावल्यावर १६.२. मग सावकाश उतरत गेली आणि १४ व्होल्टला मी तोडली. वेळ ३४ मिनिटं. जुन्या बॅटरीला हे छानच.

९ जानेवारी

आईशी वाटाघाटी. सुरमईच्या तुकड्यांचा डबा खालच्या कप्प्यात गेला, बॅटरी जाड पिशवीत बंद करून पत्र्याच्या डब्यात, डबा वर. “अगं, पेट घेते ना ती?” थंडीत नुसती ठेवल्यानं घेत नाही, हे तिला पटवायला अर्धा तास लागला. दोन अटी: रात्री चार्जिंग नाही, आणि प्रयोग चालू असताना मी स्वयंपाकघरातून हलायचं नाही. दोन्ही अटी बरोबर आहेत.

१० जानेवारी

आजचं नीट लिहून ठेवते.

रात्रभर फ्रीझरमध्ये. थर्मोकपल उणे १७. बॅटरी आतच ठेवली. वायर दाराच्या रबरी पट्टीतून बाहेर काढून ओट्यावरच्या बल्बांना जोडली. न जोडता मोजलं तर व्होल्टेज १६.७. म्हणजे बॅटरी भरलेलीच आहे, काही गेलेलं नाही.

बल्ब लावले. परवा पांढरेफटक पेटले होते, आज नारिंगी. समई थोडी मोठी केली तर जशी दिसेल तसे. मीटर सरळ १३.३ वर. खाली, खाली. चाळिसाव्या सेकंदाला १२.९. चौदाला तोडायचं हा माझा नियम. त्या नियमाने ड्रोन पहिल्याच सेकंदाला खाली बसला असता, पूर्ण भरलेल्या बॅटरीनिशी.

आज तोडलं नाही. बघत बसले. एक मिनिटानंतर आकडा थांबला. मग उलटा चढायला लागला. १३.१. १३.४. पाचव्या मिनिटाला १३.८, आणि बल्ब नारिंगीचे पिवळे झाले. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “आला का गं दम तिच्यात?” याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

होतं काय, तर थंडीत सेलमधला द्रव दाट होतो, लिथियमचे आयन रांगत जातात, आतला रोध कित्येक पटींनी वाढतो. प्रवाह मागितला की व्होल्टेज कोसळतो. पण त्याच रोधामुळे आत उष्णता तयार होते, बॅटरी आतून तापते आणि मोकळी होते. सकाळी उठल्यावर गुडघे आखडलेले असतात, चार पावलं टाकल्यावर सुटतात, तसं.

१३ ला परत उतरली तेव्हा तोडली: २४ मिनिटं. बंद पिशवीतच तीन तास बाहेर ठेवली आणि पुन्हा बल्ब लावले. आणखी ८ मिनिटं चालली. चोवीस नि आठ बत्तीस. परवाचे चौतीस. चार्ज कुठे गेलाच नव्हता.

पायलटला फोन करून सांगितलं: तिकडे टक्के बघायचे नाहीत, सेलचा व्होल्टेज बघायचा. टक्के म्हणजे घरात किती धान्य आहे ते. व्होल्टेज म्हणजे आत्ता ताटात किती पडतंय ते. तो म्हणाला, ताई, जेवायच्या वेळी फोन केलास वाटतं.

१४ जानेवारी

संक्रांत. आकाशात मांजा, त्यात पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश मुंबईत सतत निघतच असतात. उघड्यावर उडवायचा प्रश्नच नाही. तिळगूळ खाल्ला, हिशेब केला.

थंड हवा घट्ट असते, त्यामुळे पात्यांना उचल जास्त मिळते, असं सगळे सांगतात. खरंय, पण समुद्रसपाटीला. किब्बर ४,२०० मीटरच्या वर. तिथला दाब ६०० हेक्टोपास्कलच्या आसपास, मुंबईत १,०१३. उणे १५ धरूनही हवेची घनता मुंबईच्या ७० टक्केच भरते. थंडीने थोडं परत दिलं, उंचीने त्याच्या कितीतरी पट नेलं. नुसतं तरंगायलाच साधारण २० टक्के जास्त शक्ती लागणार. म्हणजे आखडलेल्या बॅटरीकडे आपण नेहमीपेक्षा जास्त मागणार. इथे ३२ मिनिटं उडणारं यंत्र तिथे १८ ते २० उडेल. पायलटला लेखी दिलं: उड्डाण १२ मिनिटांचं, परतीचा इशारा २० ऐवजी ३५ टक्क्यांवर.

१८ जानेवारी

तळोजा. मावशीचे दीर मासळीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये पाळी बघतात. रविवारी गाड्या लागत नाहीत, म्हणून आज या म्हणाले. पहाटेची पनवेल लोकल, पुढे रिक्षा.

बाहेर लोडिंगची जागा, मग ॲन्टी रूम, मग पट्ट्यांचा पडदा, मग चेंबर: उणे २०. भिंती पफ पॅनलच्या, म्हणजे मध्ये फोम, दोन्ही बाजूंनी पत्रा. कोळंबीची कार्टनं छतापर्यंत. आत गेल्यावर नाकातले केस कडक होतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी जाकीट दिलं, ते माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. “पोरी, दहा मिनिटं पंखे बंद ठेवतो. अकरावं मिनिट मागू नको.”

पत्र्याच्या पेटीत जीपीएस नाही, कंपास बावचळलेला. पायलट रिमोटवरून हातानेच सांभाळून तरंगवत होता, लाकडी पॅलेटच्या वर चार फूट. काय कळलं ते:

गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी फिरती पकड, सुरू होताना थरथरला. कॅमेरा ज्या रबरी बुटकुल्यांवर टांगलेला असतो ते रबर कडक होतं. दोन मिनिटं चालू ठेवल्यावर शांत झाला. सेन्सर तापतायत असं सांगत स्क्रीनने आम्हाला बराच वेळ उभं केलं. गार बॅटरीवर यंत्राने उडायलाच नकार दिला. तीच बॅटरी काकांच्या केबिनमधल्या हीटरजवळ ठेवून २५ अंशांना आणली, तर पहिल्या फटक्यात उडाली आणि दहाही मिनिटं कुरकुरली नाही. खोली तीच, थंडी तीच. फरक फक्त निघताना बॅटरी किती गरम होती याचा.

पायलटचा फोन मात्र सहाव्या मिनिटाला मेला. ४० टक्के दाखवत होता. बोटंही बधिर झाली त्याची. पातळ हातमोज्यांवर जाड मोजे घालायचे हे यादीत टाकलं.

इथपर्यंत सगळं चांगलं. पुढची चूक माझी. दहा मिनिटं झाली, काका हाका मारतायत, म्हणून ड्रोन तसाच उघडा हातात घेऊन मी पडद्याबाहेर आले. बाहेर दुपारची हवा, दवबिंदू सतराच्या आसपास असेल, आणि हातात उणे १५ ची वस्तू. अर्ध्या मिनिटात पाती, मोटर, कॅमेरा, सगळं पांढरं झालं. मग ते पांढरं वितळून ओघळायला लागलं. तेव्हाही गप्प बसायला हवं होतं. नाही, चालू करून बघितलं! गिंबल एकदा उजवीकडे गेला आणि मान टाकून बसला. लेन्सच्या आत वाफ.

लोकलमध्ये पायलट एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं.

१९ जानेवारी

आई म्हणते तांदळाच्या डब्यात ठेव. तांदळाने काही होत नाही, उलट पीठ आत जातं. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या, पंख्याखाली नाही, उन्हात नाही.

२१ जानेवारी

तिसऱ्या दिवशी उघडला. लेन्स स्वच्छ. धीर करून चालू केला. गिंबल डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, सरळ. त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

नियम, मोठ्या अक्षरांत बॅगेच्या झाकणाला चिकटवला: थंडीतून गरम जागेत येताना ड्रोन, कॅमेरा, बॅटऱ्या आधी बाहेरच थंडीत पिशवीत घालायच्या, हवा काढून बंद करायच्या, मगच आत. दव पिशवीच्या बाहेर धरू दे. दोन-तीन तास उघडायची नाही. फुटेजची चिप हवी असेल तर बाहेरच काढून घ्यायची.

२६ जानेवारी

बॅटऱ्या गरम ठेवायची पेटी. मासळीवाले वापरतात तो थर्माकोलचा खोका, दादरच्या मासळी बाजारातून. धुतला, तरी बोंबलाचा वास जात नाही. आत रबरी गरम पाण्याच्या दोन पिशव्या. लोखंडाच्या भुकटीच्या, चोळून गरम करायच्या पुड्या मिळतात, त्याही घेतल्या. पण त्या हवेतल्या ऑक्सिजनवर तापतात. बंद खोक्यात त्या विझतात आणि ४,२०० मीटरवर ऑक्सिजनही बेताचा. त्या खिशासाठी, बोटांना. बॅटरीला गरम पाणीच.

बॅटरीला अंगरखा हवा होता. फोम कापून बघितला, बसला नाही. आईने आजीची विरलेली गोधडी काढली आणि दुपारभर बसून सहा खोळी शिवल्या. दोन थर लुगड्याचे, मध्ये जुनं धोतर, वर नाडी. खोळीत घातलेली, २५ अंशांची बॅटरी फ्रीझरमध्ये ठेवली: उघड्या बॅटरीला १० अंशांवर यायला जितका वेळ लागला, त्याच्या दुपटीहून जास्त हिला लागला. आईला आकडा सांगितला. तिला आकड्याचं काही नाही, टाके मोजून दाखवत होती.

२ फेब्रुवारी

पायलटची शिकवणी. बॅटरी २० अंशांच्या खाली असताना उडवायचं नाही. खोळ उड्डाणाच्या अगदी आधी काढायची. उडाल्यावर दोन मीटरवर दोन मिनिटं नुसतं तरंगायचं. आतून गरम होऊ द्यायची. पहिल्या पाच मिनिटांत झपकन वर चढायचं नाही. सेल ३.५ व्होल्टच्या खाली गेला (चारांचे मिळून चौदा) की परत. बर्फावर उतरवायचा नाही: वाऱ्याने बर्फ उडून मोटरमध्ये जातो, आणि पांढऱ्या सपाट जमिनीवर खालच्या कॅमेऱ्यांना पत्ताच लागत नाही की जमीन कुठे आहे. हातात धरायचा किंवा चटईवर. धुकं, ढग असेल तर नाही; पात्यांवर बर्फ चढलं की उचल जाते. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वर, नाहीतर बर्फ राखाडी येतो.

आणि चार्जिंग: बॅटरी हाताला कोमट लागेपर्यंत नाही. शून्याच्या खाली चार्ज केली तर लिथियम ग्राफाइटच्या आत शिरत नाही, वर धातूचा थर होऊन बसतो. तो परत येत नाही, आणि पुढे कधीतरी आतल्या आत शॉर्ट करू शकतो. इथे घाई केलेली मी ऐकून घेणार नाही, असं सांगितलं. त्याने बॅगेच्या झाकणावरच्या माझ्या नियमाकडे बोट दाखवलं.

८ फेब्रुवारी

गेले. बॅटऱ्या हातातल्या सामानात, निम्म्या चार्जवर, टोकांना टेप लावून. विमानात चेक-इनच्या सामानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत. प्रत्येकी १०० वॅट-अवरच्या आत असल्याने हातात नेता येतात. सुरक्षा तपासणीत गोधडीच्या खोळी पाहून त्या बाईंनी विचारलं म्हणे, कुणासाठी शिवल्यात? चंदीगड, मग शिमला-किन्नौरच्या रस्त्याने वर. मनालीकडून येणारी कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद.

१४ फेब्रुवारी

पायलटचा पहिला आवाजी निरोप. सकाळी नऊला उणे १४. दुपारी जरा ऊब असते, पण तेव्हा दरीतून वारा सुटतो. म्हणून सकाळच बरी. पहिलं उड्डाण ११ मिनिटं, सेल ३.६ ला परत आणला. पेटीतलं पाणी दोन तासांनी बदलावं लागतं. ज्या घरी उतरलेत त्या आजी तंदूरवरची किटलीच देतात. तंदूर म्हणजे तिकडे खोलीच्या मधोमध असते ती धुराडं लावलेली लोखंडी शेगडी.

१६ फेब्रुवारी

दुपारी बाराला फोन. श्वास लागलेला.

याक येतायत म्हणून थांबला. बॅटरी लावलेली, खोळ काढलेली, दहा मिनिटं तशीच उणे १६ मध्ये. याक आले आणि याने सरळ वर मारला. तरंगणं विसरला. साठ मीटरवर इशारा, सेल ३.२, यंत्र स्वतःहून उतरायला लागलं. टक्के किती होते? ७४. त्याने जमेल तेवढा आडवा ओढून एका घराच्या गच्चीवर, चाऱ्याच्या गंजीत बसवला. पाती शाबूत. घरातल्या आज्जींनी वर जाऊन तो सुपात घालून आणून दिला.

मी विचारलं, पिशवीत घातलास का आधी? घातला होता. मग मी रागावले नाही.

रात्री निरोप आला: तीच बॅटरी खोलीत गरम झाल्यावर ७१ दाखवतेय.

२३ फेब्रुवारी

परत आले. चौदा उड्डाणं, एक गंज, फुटेज चांगलं आहे. गच्चीवरून पाणी नेणाऱ्या बायकांचा एक शॉट आहे, सरळ वरून, पांढऱ्यावर चार लाल ठिपके. बॅग मी एसी न लावता, झाकण न उघडता रात्रभर तशीच ठेवली. पायलट म्हणाला, ताई, स्पितीहून मुंबईला तीन दिवस लागलेत, ती केव्हाच गरम झालीय. तरी ठेवली.

खोळींना आता बोंबील आणि धूर असा मिश्र वास आहे. सहापैकी पाच परत आल्या. सहावी त्या गच्चीवाल्या आज्जींनी मागून घेतली, किटलीला घालायला. आईला सांगितलं तर म्हणाली, नाडी पक्की होती ना?

२४ फेब्रुवारी

ओट्याखालची जुनी लायपो फुगलीय. मधल्या दोन सेलांच्या जागी पोट आलंय, टेबलावर ठेवली की डुलते. जानेवारीत तिला मी चौदाच्या खाली किती वेळा नेलं, वहीत मोजलं: नऊ वेळा.

गॅलरीत वाळूच्या बादलीत ठेवून, लांब वायरने तिन्ही बल्ब लावले. पांढरे पेटले. आई खुर्ची घेऊन दारात बसली. तासाभरात पिवळे, मग नारिंगी, मग नुसती तार लाल. ३.१ व्होल्ट. उद्या सकाळी परत मोजायचं, शून्याजवळ असेल तर टोकं टेपने बंद करून ई-कचऱ्यात.